एकाच बाटलीत दोन तुकडे

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. पाच महिन्यांपूर्वी त्यांच्या अंगाला खाज सुटू लागली आणि पित्त उठल्यासारखे लाल चट्टे येऊ लागले. ॲलर्जी समजून बरीच औषधे झाली. दीड महिन्यापूर्वी मांड्या, पोट आणि दंडांच्या आतल्या बाजूला पाण्याचे टपोरे फोड आले. नंतर एक-दोन नडगीवरही आले. तोंडात काही नाही. नडगीवरच्या पाच-सहा दिवसांच्या फोडाजवळून बायोप्सीसाठी त्वचेचे दोन तुकडे काढले. दोन्ही एकाच बाटलीत घालून आमच्याकडे दिले, आम्हीच ते लॅबमध्ये पोहोचवले. एका अहवालात ‘फट बाह्यत्वचेच्या आत, इओसिनोफिल भरपूर, पेम्फिगसचा विचार व्हावा’ असे आहे. दुसऱ्यात ‘इम्युनोफ्लुरोसन्स निगेटिव्ह’ असे आले. आता दुसरे त्वचारोगतज्ज्ञ म्हणतात की हा पेम्फिगस नाही, पेम्फिगॉइड आहे. दोन आठवड्यांपासून स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत आणि फोड कमी झालेत. मधुमेहासाठी बाबा मेटफॉर्मिन आणि व्हिल्डाग्लिप्टिन घेतात. कोणाचे खरे मानायचे? पुन्हा तुकडा काढावा लागेल का?

उत्तर : तुमच्या पत्रातले सगळ्यात कामाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात : दोन्ही तुकडे एकाच बाटलीत होते. या आजारांचे निदान बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शकाखाली चुकत नाही. ते त्याच्या आधीच चुकते, तुकडा कुठून काढला आणि कशात घातला तिथे.

पत्रावरून निदान करता येत नाही, तेव्हा पुढचे सगळे तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवण्यासाठी आहे असे समजा. पण चित्र दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने झुकते, आणि पहिले दोन्ही अहवाल तसे का आले असावेत याचे कारण सापडते.

आधी नावांचा घोळ. पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड ही नावे सख्ख्या भावांसारखी वाटतात, आजार मात्र वेगळे आहेत. १९५३ मध्ये वॉल्टर लिव्हर यांनी ते वेगळे करून दाखवेपर्यंत दोन्ही एकाच नावाखाली मोडत. दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते, पण घाव घालते ती जागा वेगळी. पेम्फिगसमध्ये बाह्यत्वचेतल्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारी डेस्मोग्लीन नावाची प्रथिने लक्ष्य होतात. पेशी सुट्या होतात आणि फट बाह्यत्वचेच्या आतच पडते. फोडाचे छत त्यामुळे इतके पातळ असते की फोड धड टिकतच नाही. कपडा घासला तरी फुटतो आणि मागे ओली, दुखरी जागा उरते. पेम्फिगॉइडमध्ये बाह्यत्वचा खालच्या थराला जिथे चिकटलेली असते, तो सांधा सुटतो. अख्खी बाह्यत्वचा छत म्हणून वर येते, म्हणून फोड टणक, ताणलेला, दिवसभर चालल्याफिरल्यावरही शाबूत राहणारा असतो. तुम्ही ‘टपोरे’ हा शब्द वापरलात तो याच दिशेने बोट दाखवतो.

बाकीच्या गोष्टीही जुळतात. सत्तरीपुढचे वय, फोडांच्या आधी कित्येक आठवडे किंवा महिने चाललेली खाज, पित्तासारखे चट्टे, मांड्या-पोट-दंडाच्या आतली बाजू आणि स्वच्छ तोंड. पेम्फिगस व्हल्गॅरिस बहुतेकदा तोंडातल्या न भरणाऱ्या जखमांनीच सुरू होतो आणि त्वचेवर यायला महिने घेतो. पेम्फिगस फोलिएशसमध्ये तोंड वाचते हे खरे, पण त्यात फोड क्वचितच दिसतो. दिसतात ते साल निघालेले, खपल्या धरलेले चट्टे, जास्त करून डोके, चेहरा, छाती आणि पाठीवर. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये पेम्फिगॉइडसाठी चार साधे निकष मांडले : वय सत्तरीच्या पुढे, मागे खोल व्रण न राहणे, तोंडासारख्या ओल्या त्वचेवर आजार नसणे, आणि डोके-मान यांवर मुख्य भर नसणे. चारांतले तीन जुळले आणि त्वचेत प्रतिपिंडांची (प्रतिकारशक्तीने हल्ल्यासाठी तयार केलेल्या प्रथिनांची) सरळ रेघ दिसली तर निदान बरेच भक्कम होते. बाबांना पहिला आणि तिसरा निकष लागू आहे, पत्रावरून चौथाही जुळतो. अडकलंय ते रेघेपाशी.

आता तो पहिला अहवाल. ‘फट बाह्यत्वचेच्या आत’ हे लिहिणाऱ्याची चूक असेलच असे नाही. फोड तीन-चार दिवसांचा झाला की तळावर कडेकडेने नवी त्वचा सरकत येते. मूळ फट सांध्यात असली तरी आता तिच्या खाली नव्या पेशींचा थर असतो, आणि काचपट्टीवर फट वरच्या थरात असल्याचा भास होतो. जुना फोड खोटे बोलतो. म्हणून तुकडा शक्यतो चोवीस तासांतल्या, फार तर दोन दिवसांतल्या फोडाचा घ्यायचा. इओसिनोफिल (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) भरपूर असणे पेम्फिगॉइडला शोभतेच, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. औषधाची प्रतिक्रिया, किडा चावणे आणि खरूज यांतही ते गर्दी करतात. खरूज म्हटल्यावर हसू नका. म्हातारपणी खरजेतही फोड येतात आणि ते हुबेहूब पेम्फिगॉइडसारखे दिसतात. घरात आणखी कोणाला रात्री खाज येत असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा, बोटांच्या बेचक्या तपासायला दोन मिनिटे लागतात.

दुसरा अहवाल, इम्युनोफ्लुरोसन्सचा, माझ्या मते बाजूलाच ठेवावा. या तपासणीत त्वचेला चिकटलेली प्रतिपिंडे शोधायची असतात. त्यांना चमकणारा रंग जोडलेली दुसरी प्रतिपिंडे लावतात आणि खास सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नेहमीच्या तपासणीचा तुकडा टिकवायला वापरतात ते फॉर्मालिन त्वचेतली प्रथिने एकमेकांत गुंतवून ठेवते. पेशींचा आकार त्यामुळे सुंदर टिकतो, पण चमकणाऱ्या प्रतिपिंडांना पकडायला काही उरत नाही. फॉर्मालिनचे थोडेसे थेंब लागले तरी तुकडा वाया जाऊ शकतो. बाटली उघडल्यावर नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास आला असेल तर ते फॉर्मालिनच होते. एकाच बाटलीत दोन तुकडे गेले याचा अर्थ त्यातला एक जन्मतःच चुकीच्या घरी पडला. शिवाय तो नडगीवरचा होता. गुडघ्याखालच्या त्वचेत पेम्फिगॉइड असूनही तपासणी निगेटिव्ह येण्याचे प्रमाण जास्त असते, म्हणून दुसरी जागा उपलब्ध असताना तिथे हात लावत नाहीत.

पुन्हा तुकडा काढावा लागेल का? माझे मत, हो, पण आधी दोन गोष्टी करून घ्या ज्यांत सुई-कात्री लागत नाही किंवा नुसती सुई लागते.

पहिली, जुन्या तुकड्याचा मेणाचा ठोकळा लॅबकडे असतो तो आणि काचपट्ट्या मागून घ्या.  त्वचेच्या पॅथॉलॉजीत काम करणाऱ्या तज्ज्ञाला त्या दाखवा आणि ठोकळ्यातून आणखी खोलवरचे काप काढायला सांगा. कधी कडेच्या कापात अजून न भरलेली मूळ फट सापडते. फॉर्मालिनमध्ये गेलेल्या तुकड्यावरही सी३डी किंवा सी४डी या पूरक प्रथिनांचे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचे रंग लावता येतात. सांध्यावर त्यांची सलग रेघ आली तर तो पेम्फिगॉइडच्या बाजूचा मोठा पुरावा असतो. सगळ्या लॅब हे करत नाहीत, पण विचारायला हरकत नाही.

दुसरी, रक्त. साध्या नळीत पाच मिली पुरते, उपाशी राहायची गरज नाही. त्यात दोन वेगळ्या तपासण्या मागा. एक म्हणजे एलायझा, रक्तात कोणत्या प्रथिनाविरुद्ध किती प्रतिपिंडे आहेत ते मोजणारी : बीपी१८०, बीपी२३०, डेस्मोग्लीन १ आणि डेस्मोग्लीन ३. पहिली दोन प्रथिने सांध्यातली, म्हणजे पेम्फिगॉइडची, पुढची दोन पेम्फिगसची. दुसरी म्हणजे मिठाच्या पाण्याने फोडलेल्या त्वचेवरची अप्रत्यक्ष इम्युनोफ्लुरोसन्स. निरोगी त्वचेचा तुकडा मिठाच्या तीव्र द्रावणात ठेवला की तो बरोबर सांध्यातून उलगडतो, वर छत आणि खाली तळ. त्यावर बाबांच्या रक्तातला सीरम सोडतात. प्रतिपिंडे छताला चिकटली तर पेम्फिगॉइड (क्वचित लिनिअर आयजीए नावाचा दुसरा फोडांचा आजार, पण तिथे प्रतिपिंडाचा प्रकारच वेगळा असतो). तळाला चिकटली तर गाडी दुसऱ्या रुळावर जाते : एपिडर्मोलायसिस बुलोसा ॲक्विझिटा, ज्यात सातव्या प्रकारच्या कोलेजनवर हल्ला होतो, घासणाऱ्या जागी फोड येतात, मागे व्रण आणि बारीक पांढरे दाणे राहतात आणि औषधांना दाद लवकर मिळत नाही, किंवा सांध्यातल्याच लॅमिनिन ३३२ या प्रथिनावरची प्रतिपिंडे, जी सापडली तर शरीरात कुठे कर्करोग लपला आहे का हे शोधावे लागते. साध्या बायोप्सीत यातला पुष्कळसा फरक दिसतच नाही, सगळीकडे ‘बाह्यत्वचेखाली फट’ एवढेच लिहून येते. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या गटाने सुचवलेली किमान कसोटी इथे उपयोगी पडते. तीनपैकी दोन गोष्टी हव्यात : खाज किंवा मुख्यत्वे त्वचेवर फोड, त्वचेच्या तुकड्यात आयजीजी (प्रतिपिंडांचा एक प्रकार) किंवा सी३ या पूरक प्रथिनाची सरळ रेघ, आणि उलगडलेल्या त्वचेत छताच्या बाजूला चमक. खाज तर आहेच. म्हणजे तुकड्याने दगा दिला तरी रक्तावर निदान उभे राहू शकते.

गोळ्या चालू झाल्यात म्हणून रक्त आता निरुपयोगी, असे कोणी म्हटले तर ते बरोबर नाही. आयजीजी प्रतिपिंडांचे अर्धे आयुष्य सुमारे तीन आठवड्यांचे असते. दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी नवी प्रतिपिंडे कमी होऊ लागतात, जुनी लगेच कुठे जात नाहीत. पण जितका उशीर कराल तितका आकडा खाली येईल, तेव्हा याच आठवड्यात रक्त द्या. आणि अहवालातला आकडा त्या लॅबच्या स्वतःच्या मर्यादेशीच ताडून पाहा. किट बदलले की मर्यादा बदलते, दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून ‘वाढला की कमी झाला’ हे ठरवता येत नाही. काठावरचा बीपी१८० तर नुसती खाज असलेल्या, किंवा काहीच त्रास नसलेल्या वृद्धांतही कधी कधी दिसतो. त्या एकट्याला निदान समजू नये.

तुकडा पुन्हा काढायचा झाला तर त्या दिवशी काय व्हायला हवे ते नीट सांगतो, कारण इथे दहा मिनिटांत सगळे जमते किंवा बिघडते. सोयीचा फोड नसेल तर नवा येईपर्यंत एक-दोन दिवस थांबा आणि आला की त्याच दिवशी फोन करून जा. तो फोडू नका. फोड कधी आला ते कागदावर तारीख-वेळेसह लिहा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मांडी, पोट किंवा दंड पसंत करा.

दोन तुकडे, दोन बाटल्या. पहिला तुकडा नेहमीच्या तपासणीसाठी : फोड लहान असेल तर अख्खा, नाहीतर त्याची कड, म्हणजे थोडा फोड आणि बाकी शेजारची न सुटलेली त्वचा. मोठ्या फोडाच्या मधोमध पंच (गोल पात्याचे हत्यार) मारला की फिरणाऱ्या पात्याने छत गरकन सुटून येते, लॅबला एका बाजूला नुसते छत आणि दुसऱ्या बाजूला नुसता तळ मिळतो, आणि फट नेमकी कुठे होती ते कळत नाही. हा फॉर्मालिनमध्ये. दुसरा तुकडा, चार मिलिमीटरचा पंच, फोडाच्या बाहेर पण एक सेंटिमीटरच्या आत, दिसायला धड असलेल्या किंवा किंचित लाल त्वचेतून. फोडातून मुळीच नाही. फोडाच्या छतात-तळात जळजळीमुळे प्रतिपिंडे नष्ट झालेली असतात. हा मिशेल द्रावणात, म्हणजे या तपासणीसाठीच्या खास द्रावणात, ज्यात तो दिवस-दोन दिवस नव्हे, कित्येक दिवस साध्या तापमानाला टिकतो. ते नसेल तर नॉर्मल सलाईनमध्ये चोवीस तासांच्या आत लॅबमध्ये पोहोचवायचा, किंवा लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचा. मिशेल द्रावणातली बाटली फ्रीझरमध्ये ठेवू नका. सलाईनचा मार्ग असेल तर सुटीच्या आदल्या दिवशी तुकडा काढू नका, हे वाटते तितके क्षुल्लक नाही. आणि चिमटा एकच असेल तर सलाईन-मिशेलचा तुकडा आधी घ्यावा, फॉर्मालिनचा नंतर. उलटे केले तर चिमट्याबरोबर फॉर्मालिन तिकडे जाते.

बाटलीवर ‘इम्युनोफ्लुरोसन्स, फॉर्मालिन नको’ असे मोठ्या अक्षरात लिहून घ्या. सोबतच्या फॉर्मवर तुकड्याची जागा, फोडापासूनचे अंतर, फोड किती तासांचा, तोंडात जखमा नाहीत, स्टेरॉइड कोणत्या तारखेपासून किती मिलिग्राम, आणि व्हिल्डाग्लिप्टिन चालू आहे, हे सगळे हवे. ‘त्वचारोग, तपासणी करावी’ एवढ्यावर कोणताही पॅथॉलॉजिस्ट अंदाजच करू शकतो. अहवालात नुसते पॉझिटिव्ह-निगेटिव्ह न मागता तीन गोष्टी मागा : कोणती प्रतिपिंडे, कुठे, आणि कशा रूपात. पेशी-पेशींच्या मधून जाळे विणल्यासारखी चमक आली तर पेम्फिगस. सांध्यावर सरळ रेघ आली तर पेम्फिगॉइडचे घराणे. सांध्याखालच्या बारीक उंचवट्यांच्या टोकाटोकांवर आयजीएचे (प्रतिपिंडांचा आणखी एक प्रकार) दाणे आले तर डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस, ज्याचा संबंध ग्लुटेनशी आहे. तुमच्या वर्णनात तो बसत नाही, पण कोणी ‘ग्लुटेन बंद करून बघा’ म्हणाले तर तपासणीआधी बंद करू नका, रक्तातल्या तपासण्या फसतात.

हे सगळे कशासाठी, गोळ्यांनी कमी झालेच आहे की, असे बाबा म्हणतील. स्टेरॉइडने दोन्ही आजार दबतात, म्हणून आराम पडला हा निदानाचा पुरावा नाही. आणि पुढची वाट वेगळी आहे. पसरलेल्या पेम्फिगॉइडमध्येही क्लोबेटासॉल या स्टेरॉइडचे जोरकस मलम सगळ्या अंगाला लावून आजार आटोक्यात येतो, आणि वृद्धांत ते जास्त डोसच्या गोळ्यांपेक्षा सुरक्षित ठरते, हे २००२ मधल्या फ्रेंच चाचणीने दाखवले. पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये मात्र मलमावर भागत नाही, रिटुक्सिमॅबसारखे औषध लवकर सुरू करण्याचा विचार होतो. शहात्तर वर्षांच्या मधुमेही माणसाला चुकीच्या नावाखाली महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या देणे म्हणजे साखर, हाडे आणि जंतुसंसर्ग यांच्याशी विनाकारण भांडण.

व्हिल्डाग्लिप्टिनबद्दल पहिल्या भेटीत कोणी विचारले नसेल तर आश्चर्य नाही, पण विचारायला हवे होते. ग्लिप्टिन गटातल्या औषधांचा, विशेषतः व्हिल्डाग्लिप्टिनचा, पेम्फिगॉइडशी संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसला आहे, आणि औषध सुरू होऊन महिने किंवा वर्षे झाल्यावरही आजार येऊ शकतो. ‘हे तर मी दोन वर्षे घेतोय’ हा बचाव इथे चालत नाही. गोळी स्वतः बंद करू नका. मधुमेहाच्या डॉक्टरांना त्वचेचे निदान सांगा आणि दुसरा पर्याय मागा. दुसरी ग्लिप्टिन नव्हे, दुसऱ्या गटातला. स्टेरॉइडमुळे साखर तशीही चढणार आहे, विशेषतः दुपारनंतर, तेव्हा जेवणानंतरची साखर घरी मोजून वहीत लिहा. फ्युरोसेमाइड किंवा कर्करोगावरची इम्युनोथेरपी चालू असेल किंवा झाली असेल तर तेही सांगा. विस्मरण, पक्षाघात, पार्किन्सन यांपैकी काही असेल तर तेही. पेम्फिगॉइडबरोबर हे आजार जास्त आढळतात.

स्टेरॉइड अचानक थांबवू नका, ‘तपासणी नीट यावी म्हणून’ तर मुळीच नाही. तुकडा घ्यायच्या जागी मलम लावत असाल तर किती दिवस आधी थांबवायचे ते डॉक्टरांना विचारा. मोठा, चालताना अडणारा फोड (तुकड्यासाठी राखलेला सोडून) निर्जंतुक सुईने खालच्या कडेला टोचून पाणी जाऊ द्यावे, छत तसेच बसू द्यावे. तेच सगळ्यात चांगली पट्टी आहे. वर न चिकटणारी जाळीची पट्टी आणि सैल बँडेज. चिकटपट्टी त्वचेवर नको, काढताना नवी साल निघते. फोडाशेजारची त्वचा अंगठ्याने रगडून बघण्याची डॉक्टरांची एक चाचणी आहे, निकोल्स्की नावाची. पेम्फिगसमध्ये साल सरकते, पेम्फिगॉइडमध्ये सहसा नाही. घरी करून बघू नका.

दिवस न पाहता रुग्णालयात जायचे ते अशा वेळी : ताप आणि काही तासांत साल सुटत जाणे, तोंड किंवा डोळे एकदम लाल आणि दुखरे होणे, नव्या औषधानंतर काही दिवसांतच फोड उठणे, गिळता न येणे किंवा आवाज बसणे, फोडांतले पाणी पिवळट-हिरवे आणि दुर्गंधी होणे. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात, आग होत आलेले फोड नागिणीचे असू शकतात, आणि त्यावर औषध सुरू करायला तीन दिवसांपेक्षा उशीर नको.

डॉक्टरांकडे जाताना दोन्ही अहवाल, काचपट्ट्या, फोटो आणि औषधांची तारखांसह यादी न्या. रक्त आणि नवा तुकडा दोन्ही निगेटिव्ह आले तर पेम्फिगॉइड नाहीच असे समजू नका. डॉक्टर खरूज, औषधाची प्रतिक्रिया आणि हातांवर उन्हाने येणारे फोड असतील तर पॉर्फिरिया (त्याची तपासणी लघवीतून होते) या नावांकडे वळतील. आणि चित्र बदलले नाही तर काही आठवड्यांनी, गोळ्यांचा डोस खाली आल्यावर ताजा फोड उठेल तेव्हा, तिसरा तुकडा मागण्यात काहीच चुकीचे नाही.